बोल्टातला कार्बन : भोसरीच्या शॉपफ्लोअरवरच्या नोंदी

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार

एमआयडीसीची सुट्टी. मशिनं बंद, त्यामुळे ऑफिसात पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकू येतोय. साहेबांनी मला मुद्दाम बोलावलं, कारण जर्मन ग्राहकाचा मेल आलाय आणि त्याला एक्सेलची फाइल जोडलेली आहे. मेलचा सूर गोड, मजकूर कडक. सीबॅमच्या तिमाही अहवालात ३१ जुलैपर्यंत युरोपियन कमिशनचे ठोकताळ्याचे आकडे, म्हणजे डिफॉल्ट, चालत होते. आता खरे आकडे द्या. जुलै ते सप्टेंबरचा अहवाल त्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा आहे. नाही भरला तर दंड त्यांना, न कळवलेल्या उत्सर्जनाच्या टनामागे १० ते ५० युरो. आमच्यावर काहीच नाही. फक्त पुढची ऑर्डर.

सीबॅम म्हणजे युरोपच्या सीमेवरचा कार्बनचा हिशेब. तिकडच्या कारखान्यांना ईटीएसच्या बाजारातून उत्सर्जनाचे परवाने घ्यावे लागतात, मग बाहेरून येणारा माल तरी फुकट का सुटावा, असं त्यांचं म्हणणं. १ ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ संपेपर्यंत नुसती माहिती, २०२६ पासून पैसे. यादीत लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज. आमचे नट-बोल्ट कस्टम्सच्या ७३१८ या कोडखाली जातात आणि ७३१८ यादीत आहे.

साहेबांच्या साडूंची कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्री आहे. त्यांना फोन लावला. त्यांचं बरंचसं कास्टिंग ७३२५ खाली जातं आणि तो कोड यादीत नाही. शेजारचा ७३२६ आहे. एका आकड्याने माणूस वाचतो. साडू फोनवर इतके हसले की साहेबांनी स्पीकर बंद केला.

३ सप्टेंबर २०२४

फाइल उघडली. पिवळे चौकोन आपण भरायचे, हिरवे आपोआप भरतात. ए शीटवर कारखान्याची माहिती, बी वर इंधन, डी वर प्रक्रिया, ई वर विकत घेतलेला कच्चा माल. ई शीट मी आज पाहिली आणि पुढे सरकवली. ती चूक होती, पण ते नंतर कळलं.

सुरुवात गॅसपासून. बोल्ट हार्डनिंग-टेंपरिंगच्या फर्नेसमधून जातात, ती पाइपच्या गॅसवर चालते. हिशेब २०२३ सालाचा धरायचा. आमची खाती एप्रिल-मार्चची, त्यामुळे बारा बिलं बाहेर काढून जानेवारी-डिसेंबर अशी पुन्हा मांडली. १,३२,००० घनमीटर. बिलावर उष्मांक छापलेला असतो, सरासरी ९,४०० किलोकॅलरी. गुणलं, नैसर्गिक वायूचा ५६.१ हा गुणक लावला (एका गिगाज्यूलला ५६.१ किलो कार्बन डायऑक्साइड), उत्तर २९१ टन. खूश होऊन चहा घेतला.

चहा पिता पिता लक्षात आलं की बिलावरचा उष्मांक 'ग्रॉस' आहे आणि ५६.१ हा गुणक 'नेट'साठी असतो. गॅस जळताना जी वाफ होते तिच्यातली उष्णता ग्रॉसमध्ये धरतात, नेटमध्ये नाही. फरक साधारण दहा टक्के. पुन्हा केलं : २६२ टन. जनरेटरचं डिझेल ९,००० लिटर, त्याचे २४. एकूण २८६. वर्षाचं उत्पादन १,८६० टन. म्हणजे टनामागे ०.१५४.

फर्नेसवरचे मामा तीस वर्षं त्या फर्नेससमोर उभे आहेत. त्यांना आकडा दाखवला. म्हणाले, "एवढाच? मला वाटलं आपण लई धूर करतो."

१८ सप्टेंबर २०२४

काल विसर्जन. आज अर्धा कारखाना झोपेत.

विजेचं काम. महावितरणचं एचटी बिल केव्हीएएचवर आकारतात, म्हणून मी मोठ्या अक्षरातला तोच आकडा उचलला होता. आपल्याला हवेत केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं. तेही बिलावर असतात, बारीक अक्षरात, शोधावे लागतात. १६ लाख ४० हजार युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा गुणक युनिटला ०.७१६ किलो. म्हणजे ११७४ टन, टनामागे ०.६३. गॅसच्या चौपट! तापवायला इंडक्शन हीटर आहेत ना, ते खातात.

साहेबांनी यंदा छपरावर ३०० किलोवॅटचं सोलर बसवलंय. ते लगेच, "आपलं सोलर टाक त्यात." सोलर २०२४ चं, हिशेब २०२३ चा, नाही बसत. साहेब नाराज. मग मी नियमाचं दुसरं परिशिष्ट वाचलं आणि त्यांना आणखी नाराज केलं. लोखंड-पोलादासाठी विजेचं उत्सर्जन आत्ता कळवायचं, पण २०२६ पासून पैसे मोजताना ते धरायचंच नाही. फक्त थेट उत्सर्जन. म्हणजे छपरावरच्या एकाही पॅनलने सीबॅमचा एक युरो वाचणार नाही.

"मग लावलं कशाला?" साहेब मला विचारत होते, जसं काही मीच लावलं. महावितरणचं बिल कमी होतंय ते वेगळं, हे त्यांनाही माहीत आहे.

९ ऑक्टोबर २०२४

ई शीट.

आम्ही बोल्ट बनवतो, पोलाद बनवत नाही. पोलाद मिलमध्ये होतं, आमच्याकडे बार येतात. पण बारच्या पोटात जो कार्बन आहे तो बोल्टाबरोबर युरोपला जातो आणि ई शीटवर तोच लिहायचा असतो : किती टन बार, कुठल्या मिलचा, ब्लास्ट फर्नेसचा की भंगार वितळवलेला, मँगनीज-क्रोमियम-निकेल किती, आणि टनामागे उत्सर्जन किती. शेवटचा रकाना फक्त मिलच भरू शकते.

मिलला मागच्या महिन्यात पत्र पाठवलं होतं. आज उत्तर आलं. उत्तर म्हणजे एक पीडीएफ, चकचकीत, मुखपृष्ठावर हिरवं पान आणि त्यावर दवबिंदू. आत नेट झिरोचा संकल्प, झाडं लावल्याचे फोटो, चेअरमनांचं मनोगत. आम्हाला हवा होता एक आकडा, दशांश चिन्हानंतर दोन घरं. तो नव्हता.

अर्धा माल तर आम्ही स्टॉकिस्टकडून उचलतो. त्याच्याकडे टीसीची, म्हणजे मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटची, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, भिंगाने वाचला. स्टोअरवाले काका म्हणाले, "हा तीन आहे का आठ, हे मिलवाल्यालाच माहीत."

२८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस

फाइल पाठवली. बारसाठी नाइलाजाने डिफॉल्ट आकडा टाकला. नियम असा की आता एकूण उत्सर्जनाच्या २० टक्क्यांपर्यंतच डिफॉल्ट चालतो. आमच्या फाइलमध्ये तो ९० टक्क्यांच्या वर गेला, कारण बाराचं वजनच तेवढं आहे. मिलला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती जोडल्या, म्हणजे मागितलं होतं एवढं तरी दिसेल.

आज नीट कळलं ते असं : दोन महिने मी गॅसच्या बिलात ग्रॉस-नेट करत बसले, आणि आमचा सगळा धूर मिळून हिशेबाचा विसावा भाग.

१६ डिसेंबर २०२४

पोलाद मंत्रालयाने 'ग्रीन स्टील'ची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांच्या खाली असेल तरच हिरवं. १.६ च्या खाली पाच तारे, २.० पर्यंत चार, २.२ पर्यंत तीन. हॉटेलासारखं. देशाची सरासरी अडीचच्या आसपास आहे.

याचा एक फायदा झाला. मिलमध्ये कुणीतरी जागं झालं. आज पहिल्या मिलकडून आकडा आला : थेट उत्सर्जन २.४८. पीडीएफ नाही, दवबिंदू नाही, एका ओळीचा मेल. त्या ओळीसाठी मी सात स्मरणपत्रं लिहिली होती.

आता गणित. एक टन बोल्टाला आम्हाला १.१२ टन बार लागतो. बाकीचं कटिंगचे तुकडे, टर्निंगची बर, रिजेक्शन. २.४८ गुणिले १.१२ म्हणजे २.७८, अधिक आमचे ०.१५. एकूण २.९३.

आणि इथे एक गोम आहे. ते १२० किलो भंगार आम्ही विकतो, पण नियमात भंगाराचा कार्बन शून्य. म्हणजे विकलेल्या तुकड्यांच्या वाट्याचा कार्बनही उरलेल्या बोल्टाच्याच बोकांडी. वहीत खूण करून ठेवली.

२७ फेब्रुवारी २०२५

काल ब्रसेल्समध्ये नियम सोपे करण्याचा प्रस्ताव आला. वर्षाला ५० टनांच्या आत माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट. शिवाय आयातदाराने कार्बनपोटी विकत घ्यायची सर्टिफिकेटं, २०२६ च्या मालाची, फेब्रुवारी २०२७ पासून विकणार.

आमचा एक छोटा डच ग्राहक आहे, वर्षाला ३० टन घेतो. त्याचा आनंदाचा मेल : आपण सुटलो! मी त्याला विचारलं, चीन आणि तैवानहूनही काही मागवता का? कारण ५० टन हे आमच्याकडचे नाहीत, त्याने जगभरातून आणलेल्या सीबॅममधल्या सगळ्या मालाचे. अजून उत्तर नाही.

२७ ऑक्टोबर २०२५

आठ महिन्यांत नोंद नाही. कामं चालूच होती, लिहायला काही नव्हतं. तिमाही फाइल आता अर्ध्या दिवसात होते.

५० टनांचा नियम या महिन्यात पक्का झाला. डच ग्राहकाचे एकूण १४० टन निघाले, त्यामुळे तो काही सुटला नाही.

इकडे भारतातही कार्बन बाजाराची जुळवाजुळव चालू आहे. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना अधिसूचित झाली, आणि या महिन्यात अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना टनामागच्या उत्सर्जनाची लक्ष्यं लागली. लक्ष्यापेक्षा कमी धूर केला तर क्रेडिट, जास्त केला तर विकत घ्या. पोलाद या पहिल्या यादीत नाही. आमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की फॉर्ममध्ये 'मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत' असा रकाना आहे, तो रिकामा. भरली असेल तर युरोप तेवढी वजा करतो. आमच्या सीएंनी विचारलं, कोळशावर टनाला ४०० रुपये सेस होता तो दाखवायचा का? तो सेस जीएसटीच्या बदलात सप्टेंबरमध्येच गेला. आणि होता तेव्हाही त्याचं नाव कार्बन नव्हतं.

साहेबांना २०२६ चा खर्च हवा होता. एका वेबिनारमध्ये ऐकलं होतं की पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्के लागू, मग २०३० ला ४८.५ आणि २०३४ ला शंभर. कार्बनचा भाव ८० युरो धरला. २.९३ चे अडीच टक्के गुणिले ८०, टनामागे सहा युरोसुद्धा नाही. जर्मन ग्राहक ३४० टन घेतो, म्हणजे वर्षाचे दोन हजार युरो. साहेब म्हणाले, "एवढ्यासाठी दिवाळीत झोप घालवली होय?" आणि मला मिठाईचा दुसरा बॉक्स दिला.

९ जानेवारी २०२६

तो बॉक्स परत करायला हवा.

डिसेंबरात कमिशनने बेंचमार्क आणि नवे डिफॉल्ट छापले. तीन रात्री ते वाचतेय. अडीच टक्के हे आमच्या उत्सर्जनाचे नाहीतच. युरोपातल्या कारखान्यांना काही परवाने फुकट मिळतात, ते एका ठरलेल्या बेंचमार्कपर्यंत. २०२६ मध्ये त्या फुकट वाट्यातले अडीच टक्के कापले. म्हणून आपल्यालाही सूट मिळते ती बेंचमार्कच्या ९७.५ टक्क्यांची. बेंचमार्कच्या वर जे काही उरेल त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून पूर्ण.

गणित कळावं म्हणून बेंचमार्क गोल १.५ धरला (खरा तक्ता कोडनुसार आणि पोलाद कसं बनलं त्यानुसार बदलतो). २.९३ वजा १.४६. उरले १.४७. गुणिले ८०.

टनामागे ११७ युरो.

कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा केलं. ११७. तीनशे चाळीस टनांवर चाळीस हजार युरो, म्हणजे १०५ च्या भावाने ४२ लाख रुपये. मी साहेबांना दोन हजार युरो सांगितले होते.

संध्याकाळी केबिनमध्ये गेले. वहीचं पान समोर ठेवलं, चूक माझी आहे म्हणाले. ते पान खूप वेळ बघत होते. शेवटी विचारलं, "वेबिनारचे पैसे दिले होते का?" फुकट होता. "बरं झालं."

सर्टिफिकेटं ग्राहक घेणार हे खरं. पण तो ते ११७ कुठून काढणार हे सांगायला वेबिनार नको.

२८ जानेवारी २०२६

काल दिल्लीत भारत-युरोप मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा. सकाळपासून सगळ्यांचे फोन. ड्युटी जाणार म्हणजे सीबॅमही जाणार? नाही. ड्युटीचा दरवाजा वेगळा, हा वेगळा. करार अजून सह्या-मंजुरीतून जायचाय, सीबॅम मात्र १ तारखेपासून चालू झालाय.

दुसऱ्या मिलचा विचार. ती बरंचसं भंगार वितळवते, तिचा आकडा १.१०. बोल्टावर आला तर १.३९. वाटलं, बेंचमार्कच्या खालीच! पण भंगाराच्या मार्गाला बेंचमार्कही वेगळा आणि बराच खाली. ०.५ धरून केलं तर टनामागे ७२ युरो. म्हणजे ४५ वाचतात, रुपयात ४,७०० च्या आसपास. त्या मिलचा बार किलोला तीन रुपयांनी महाग, बोल्टाच्या टनामागे ३,३६०. कागदावर परवडतं. फक्त ३,३६० आमच्या खिशातून जातात आणि ४,७०० जर्मनीत वाचतात.

आणखी एक. आता आकडे मान्यताप्राप्त पडताळणीदाराकडून तपासून घ्यावे लागतात. मिलने तपासून दिले नाहीत तर डिफॉल्ट, आणि त्यावर यंदा १० टक्के चढ, पुढच्या वर्षी २०, मग ३०. दोन्ही मिलना विचारलंय. पहिली म्हणाली प्रक्रिया सुरू आहे. हे वाक्य मी आता झोपेतही ओळखते.

१० फेब्रुवारी २०२६

दुसऱ्या मिलचे दोन टन बार ट्रायलला आले. एम-३० चे बोल्ट, गरम फोर्जिंग. एमपीआयला, म्हणजे चुंबकाने तडे शोधायच्या तपासणीला, मी स्वतः बसले. काळोखी केबिन, अल्ट्राव्हायोलेट दिवा, बोल्टावर हिरवट पाणी ओतायचं आणि फिरवत बघायचं. पहिले चाळीस स्वच्छ. एकेचाळिसाव्याच्या डोक्याखाली, जिथे डोकं दांड्याला मिळतं त्या गोलाईत, केसासारखी हिरवी रेघ. मग आणखी सहा.

फोर्जिंगच्या दादांनी एक तुकडा उचलला, नखाने रेघ चाचपली. लागली नाही. "तांबं," म्हणाले. भंगारात मोटारींच्या वायरी जातात, तांबं पोलादात उरतं, तापवलं की पृष्ठभागावर गोळा होतं आणि ठोका बसला की तिथे फाटतं. टीसीवर तांबं ०.२९ टक्के होतं. चेन्नईच्या रस्त्यावरच्या पुलात बसणारा बोल्ट असो की हॅम्बुर्गच्या, अशा रेघेसकट मी पाठवणार नाही, कार्बन कितीही कमी असो.

मिलला लिहिलं : तांबं ०.२० च्या आत द्या. देतो म्हणाले, किलोला अजून ८० पैसे. म्हणजे टनामागे आणखी ९००. आमचे झाले ४,२६०.

२० फेब्रुवारी २०२६

डिसेंबर २०२४ ची ती खूण सापडली, भंगाराची.

स्टोअरमागच्या डब्यातून मी आणि काकांनी सकाळी एम-३० लांब बोल्टाचे टोकाचे तुकडे काढून टेपने मोजले. सगळे ११० मिलिमीटरच्या आसपास. बार ६ मीटरचा, एका बोल्टाला तुकडा लागतो ३१० चा. १९ तुकडे होतात, ५,८९० मिलिमीटर, आणि ११० फेकून देतो. जवळजवळ दोन टक्के. वर्षानुवर्षं. बार ६.२ मीटरचा आला तर बरोबर वीस तुकडे, मिलच्या लांबीतली थोडी सूट धरून टोकाला बोटभर उरेल. या आकाराच्या बोल्टांत टनामागे जवळपास २० किलो बार वाचतो. त्यातला कार्बन चार युरोंचा. बाराची किंमत वेगळी, आणि ती आमच्या खिशातली.

साहेबांनी चार युरो ऐकले नाहीत. वीस किलो ऐकले. "हे आधी का नाही कुणी बघितलं?" काका टेप गुंडाळत म्हणाले, "मी दोन हजार अकरा साली सांगितलं होतं." त्यावर कुणी काही बोललं नाही.

पहिल्या मिलला फोन केला. सहा मीटर दोनशे मिळेल, पण एका ऑर्डरला किमान २५ टन. साहेबांनी हो म्हटलं. जर्मन ग्राहकाशी दुसऱ्या मिलच्या बाराबद्दल बोलणं मंगळवारी : ४५ युरो वाचणार असतील तर ४,२६० रुपयांतले किती त्याचे, किती आमचे. साहेब निम्मे-निम्मे म्हणताहेत. मी म्हटलं, सुरुवात पूर्ण ४,२६० मागण्यापासून करा.